मांडणीची भिंत

परवा माझ्या मुलाने आणि सुनेने मारुंजीच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीसाठी माप घेतलं. हॉल म्हणायचं, कारण बिल्डरने कागदावर तसं छापलंय. नाहीतर सोफ्यावर बसून पाय लांब केले तर समोरच्या भिंतीला लागतील एवढीशी ती खोली. सून मोबाइल भिंतीसमोर धरून उभी होती. कुठला टीव्ही लावल्यावर कसा दिसेल ते त्यात आधीच दिसतं म्हणे. मुलगा म्हणाला, "आई, हे टेबल काढलं ना, तर पंचावन्न इंची आरामात बसतो." मी मेथी निवडत होते. "बसू दे नाहीतर उभा राहू दे, टेबलाला हात लावायचा नाही," असं मी म्हणाले आणि ते इतक्या जोरात म्हणाले, की सुनेने मोबाइल खाली घेतला. मुलगा उठून माझी बीपीची गोळी शोधायला लागला. त्या पोराला काय माहीत! हा राग गोळीने उतरणारा नाही. तो त्याच्या जन्माच्या आधीचा आहे, पिरंगुटच्या खोलीतला आहे, आणि आता माझे केस पांढरे झाले तरी तो काही पांढरा झालेला नाही.

आम्ही मूळचे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीतले. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पिरंगुटच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले आणि आम्ही खाली आलो. मालकाच्या घरामागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली एक आमची. दहा बाय बारा. त्यातच चूल म्हणजे स्टो, त्यातच मोरी, त्यातच पाहुणा. थोरली अक्का दहावी व्हायच्या आतच लग्न होऊन गेली होती, म्हणून आम्ही तिघंच होतो, नाहीतर निजायला जागा कशी पुरली असती देव जाणे. पलीकडे कंपनीची पत्रा दाबून कापायची प्रेस होती. दिवसभर तिचा धप्प, धप्प असा आवाज चालायचा, आणि प्रत्येक धप्पला आमच्या भिंतीवरची भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणायची. पाहुण्यांना तो आवाज छळायचा. आम्हाला तो ऐकू येईनासा झाला होता. सुट्टीच्या दिवशी प्रेस बंद असली की उलट काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. सकाळी आई तांदळाची भाकरी थापायची, तव्यावर सुकट परतायची, आणि तो वास पत्र्याखाली असा कोंडून राहायचा की कॉलेजला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या ओढणीलाही तो यायचा. पुण्यातल्या मुली सरकून बसायच्या. बसू देत. माझ्या घराण्यात कॉलेजच्या दारातून आत गेलेली मीच पहिली, हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं.

ती भांडी म्हणजे आईची मांडणी. आमच्याकडे घरात शिरलेला माणूस आधी मांडणी बघतो आणि मग माणसं. भिंतीला ठोकलेल्या फळ्या, त्यांवर मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेले हंडे, कळश्या, पातेली, तांबे, सगळी लग्नात आलेली. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. सगळ्यात वर मधोमध पितळी हंडा, त्यावर 'चि. सौ. कां. पारू हीस बंधू सदाशिवकडून' असं होतं. हा सदाशिव म्हणजे माझा मामा, सदामामा. दर खेपेला आला की आधी त्या हंड्याकडे बघायचा, मग बहिणीकडे. आईला अक्षरओळख नव्हती. कुठलं भांडं कुणाचं ते ती पोच्यावरून आणि डागावरून ओळखायची. दर सणाआधी चिंच आणि राख घेऊन सगळी भांडी अंगणात मांडून घासायची, कोपरापासून हात काळे व्हायचे, आणि परत लावताना प्रत्येकाचं नाव बरोबर समोर येईल असं लावायची. वाचता येत नव्हतं, पण नाव लोकांना दिसलं पाहिजे हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या भिंतीला खिडकी, आणि खिडकीखाली माझं टेबल. कंपनीत मशिनी यायच्या त्या लाकडी खोक्यांतून. त्या खोक्यांच्या फळ्या दादांनी मागून घेतल्या, रंधा मारला आणि माझ्यासाठी टेबल केलं. एका बाजूच्या फळीवर बाण आणि इंग्रजी अक्षरं राहिली होती. ही बाजू वर, असं त्यावर लिहिलेलं, आणि बाण नेमका जमिनीकडे, कारण दादांनी फळी उलटी ठोकली होती. मी त्यांना ते सांगितलं नव्हतं. मी बी.कॉम.ला होते. अकाउंटचे लांबलचक आखीव कागद पसरायचे तर मांडी पुरत नाही, जमीनही पुरत नाही, कारण जमिनीवर कुणीतरी बसलेलं, कुणीतरी जेवणारं, काहीतरी निवडलेलं असायचंच. त्या खोलीत माझं असं काही होतं तर ते टेबल. शेजारणींना दादा सांगायचे, "ते पोरीचं हाय. त्यावर ताट ठेवायचं न्हाई." हे वाक्य मी विसरलेले नाही, आणि दादा ते इतक्या लवकर विसरले हेही विसरलेले नाही.

शेवटचं वर्ष चालू होतं, परीक्षा तोंडावर आली होती, आणि सदामामा एक स्थळ घेऊन आला. धरणाजवळच्या गावातलं, भाताची खाचरं, मुलगा एका रिसॉर्टवर देखरेखीला. आला तोच दारातून म्हणाला, "दाजी, पाव्हनं येत्या ऐतवारी येत्यात. आन् घरात टीव्ही न्हाई? मान्सं बसनार कुटं, बघनार काय?"

आई चहा टाकत होती. म्हणाली, "पोरगी बघाया येत्यात न्हवं?"

"ताई, तुला कळत न्हाई. पोरगी काय, मिनिटात बघून हुती. फुडं दोन तास काय बघायचं? तुजी मांडणी?"

दादा हसले. मला ते हसणं आवडलं नाही. मी टेबलावरून विचारलं, "मामा, लग्न कधीचं म्हणतात ते लोक?"

"लगेच. खाचरात कामं निगायच्या आत बार उडवायचा."

"परीक्षा आहे माझी."

"मग? लगीन झाल्यावर कोन हिशेब मागनार हाय तुला? भाताची पोती मोजता आली म्हंजी झालं," मामा म्हणाला, आणि बशीत ओतलेला चहा फुर्रकन ओढला. तीन वर्षं ज्या माणसाने पहाटे माझ्यासोबत बसथांब्यापर्यंत येऊन, बस सुटेपर्यंत उभं राहून दाखवलं होतं, तो त्या दिवशी बशीकडे बघत राहिला. मुलगी शिकवणं वेगळं, आणि मेव्हण्यासमोर मुलीची बाजू घेणं वेगळं. दुसरं कुणी शिकवलेलं नव्हतं त्यांना.

टीव्ही आणायला मला बरोबर नेलं. का, तर खोक्यावर इंग्रजी असतं. "इंदे, चल, तू वाच. शिकल्याली हायस," दादा म्हणाले. म्हणजे माझ्या शिक्षणाच्या मुळावर येणारी वस्तू निवडायला माझंच शिक्षण उपयोगी पडणार होतं! निघण्यापूर्वी मामाने सुतळीने खिडकीखालची भिंत मोजली, आडवी आणि उभी, दोन गाठी मारल्या, आणि सुतळी खिशात घातली. मी म्हणाले, "मामा, टीव्ही मागेही असतो." तेव्हाचे टीव्ही आजच्यासारखे पापडासारखे नव्हते. तोंड सपाट, मागे हे एवढं पोट. मामाने ऐकलंच नाही.

पिरंगुटच्या चौकातल्या त्या दुकानात सगळे टीव्ही एकदम चालू होते, एकच बाई सगळ्यांवर एकाच वेळी रडत होती. दुकानातला माणूस पुण्याकडचा असावा. त्याने विचारलं, "खोली केवढी आहे तुमची?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग एकवीस इंचीच घ्या. मोठा घेतलात तर डोळे दुखतील, जागाही अडेल." मी एकवीस इंचीच्या मागे जाऊन बघितलं, वितीने मोजलं. तो मांडणीच्या कोपऱ्याला एखाद्या पेटीवर मावला असता. कुणाचंच काही हललं नसतं. मी दादांना तसं सांगितलं. दादा मान डोलावणार एवढ्यात मामा एकोणतीस इंचीपुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ह्यो."

"मामा, ह्याचं पोट बघा की मागून. खोली भरून जाईल."

"टीव्हीचं कुनी पोट बघतं व्हय गं येडे? तोंड बघायचं असतंय," मामा म्हणाला आणि दुकानातल्या माणसाकडे वळला. "खोली ल्हान हाय म्हनून मान्सं ल्हान हायेत का आमची?"

दुकानातला माणूस शहाणा होता, गिऱ्हाइकाशी वाद घालून पोट भरत नाही हे त्याला कळत होतं. "बरं, मग ट्रॉली दाखवू खाली ठेवायला?" त्याने विचारलं.

"ट्रॉली कशाला? घरी टेबल हाय की हिचं," मामा म्हणाला.

मी दादांकडे बघितलं. दादा खोक्याकडे बघत होते. त्या खोक्यावरही तोच बाण होता. ते म्हणाले, "इंदे, ह्यो बान आपल्या टेबलावर बी हाय. काय लिवलंय गं ह्यावर?"

"ही बाजू वर, असं लिहिलंय," मी म्हणाले. "आपल्या टेबलाला तुम्ही उलटा लावलाय."

तेव्हा तरी ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. नाही बघितलं. टेम्पोत खोक्याला धरून बसले, बाण वर आहे ना ते चाचपत.

घरी काय झालं ते सांगायलाच नको. माझे कागद पोत्यात गेले, पोतं मोरीच्या कठड्यावर. सुतळीच्या दोन्ही गाठी बरोबर जुळल्या, टीव्हीचं तोंड भिंतीत बसत होतं, आणि पोट टेबलावर मावत नव्हतं. मागे खिडकीचा कठडा आडवा यायचा. मग टेबल पुढे ओढा, अजून ओढा, करता करता टेबल खोलीच्या मध्यावर आलं. खिडकी झाकली गेली, भरदुपारी दिवा लावायची वेळ आली. मामा त्या उजेडात उभा राहून म्हणाला, "आता कसं, घर वाटतंय!" पुढचे काही दिवस मी मालकाच्या गोठ्याशेजारी उकिडवी बसून ताळेबंद मांडले. म्हैस शेपटी मारायची आणि कागदाची रेघ वाकडी व्हायची. मला रडू येत नव्हतं. मला तो टीव्ही उचलून विहिरीत टाकावासा वाटत होता, आणि त्यामागून मामालाही.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, त्याचा चुलता. आईने सकाळपासून मांडणी अशी घासली होती की टीव्हीतला उजेड हंड्यावर नाचत होता. नेमकी क्रिकेटची मॅच होती. तिघं कॉटवर बसले, मामा आणि दादा जमिनीवर, आणि त्यांच्या गुडघ्यांना टेकेल-न टेकेल असा तो टीव्ही. मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. त्या फटीतून मी शिऱ्याच्या बश्या घेऊन यायचं होतं. आईच्या काठापदराच्या साडीत मी आत आले, मुलाच्या वडिलांसमोर वाकले, बशी पुढे केली. त्यांनी बशी घेतली नाही. मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे केली, आणि म्हणाले,

"ए पोरी, बाजूला सर की जरा. काय दिसंना."

मी सरकले. तर चुलत्याच्या आड आले. तो म्हणाला, "आगं तितं नको, हिकडं हो." मुलगा माझ्या कमरेपलीकडून वाकून बघत होता, त्याने माझं तोंड अजून बघितलंच नव्हतं. मला बघायला आलेल्या माणसांना मीच आडवी येत होते! मामा हसून म्हणाला, "इंदे, बस खाली वाईच, ओव्हर हुंदे." आणि माझे वडील, माझे दादा, त्यांनी हाताने मला खाली बस अशी खूण केली.

मी बशी टीव्हीच्या डोक्यावर ठेवली आणि बटन दाबलं. टप्प झालं. सुट्टीमुळे प्रेस बंद होती, त्यामुळे खोली एवढी गप्प झाली की शेजारच्या खोलीतली मॅच ऐकू यायला लागली.

"पाव्हनं," मी म्हणाले, "तुमी मला बघाया आलाय का ह्येला? मला आला असाल तर बघा. हितं उभी हाय. आन् एक सांगते. ज्यावर ह्यो ठेवलाय ते टेबल माजं हाय. माजी परीक्षा हाय. ती झाल्याबगर मी लगीन करनार न्हाई."

कॉलेजात मी पुण्यासारखं बोलायला शिकले होते. त्या वेळी तोंडातून निघाली ती माझी वाडीची भाषा, आणि तीच बरोबर होती.

मुलाचे वडील उठले. टोपी सारखी केली. दादांना म्हणाले, "खोली ल्हान, टीव्ही मोटा, आन् पोरीची जीब त्याहून मोटी. बरं केलंत आदीच दाखवलीत." चुलत्याने जाताजाता शिऱ्याचा घास घेतलाच. मुलगा मात्र दारात एकदा वळला आणि माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. आता बघून काय उपयोग?

ते वळणाआड जायच्या आत मामा सुरू झाला. माझी अब्रू, वाडीत तोंड कसं दाखवू, शिकवलीत म्हणून ही वेळ, सगळं. शेवटी म्हणाला, "दाजी, ते टेबल फोडा आन् बंबात घाला. मूळ ते हाय." आणि दादा उठले. फोडणारच होते की काय, मला आजही माहीत नाही. ते टेबलाशी गेले, टीव्हीला दोन्ही हात घातले. तेवढ्यात भांडं वाजलं.

आई स्टुलावर चढली होती. तिने मांडणीवरचा मधला हंडा उतरवला आणि खाली पोत्यावर ठेवला. मग कळशी. मग दुसरी कळशी. कुणाकडे न बघता, आवाज न चढवता, एकेक.

"ताई! काय करतीयास?"

"भित मोकळी करतीया. तुमचं खोकं हितं ठेवा, पेटीवर. ह्या भितीला कायबी आडवं येत न्हाई. पोट किती बी असू दे."

"आगं, त्यो हंडा मी दिलाय! माजं नाव हाय त्यावर!"

"मग न्हे की घरी." आई पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "सदा, इतकी वर्सं मी तुजं नाव घासतीया. हाताची सालं गेली. मला त्यातलं एक अक्शर वाचता येतंय का? पोरीला येतंय. तिला वाचाया टेबल लागतंय. मला ही भांडी कशाला लागत्यात, सांग."

मामा चपला घालून निघून गेला. पण लाज नव्हती त्याला, कारण पुढच्याच रविवारी तो मॅच बघायला हजर होता, आणि पुढची कित्येक वर्षं येत राहिला. दादांनी टीव्ही पेटीवर ठेवला. टेबल उचलून खिडकीखाली लावलं, फडक्याने पुसलं. माझ्याशी ते निकाल लागेपर्यंत बोलले नाहीत. मी पास झाले. त्या दिवशी त्यांनी रांगेतल्या प्रत्येक खोलीत पेढा दिला आणि सांगितलं, "माज्या पोरीनं केलं." मी ऐकत होते. तोंडात पेढा होता म्हणून बोलले नाही.

ही हकीकत मी कुणाला सांगितली की लोक आईचं कौतुक करतात. काय तो त्याग, म्हणतात, आणि डोळे पुसतात. मला रडू येत नाही. मला राग येतो, आणि तो वयाबरोबर वाढतोय. एवढ्याशा खोलीत दोन पुरुषांनी नको एवढा टीव्ही आणला. एकवीस इंचीने सगळं भागलं असतं, मी ते मोजून सांगितलं होतं. मग जागा कुणी करायची होती? मामाने आपली बैठक सोडली नाही, दादांनी आपला मान सोडला नाही. एक तर माझं टेबल जाणार होतं, नाहीतर आईची मांडणी. त्या खोलीत हलवता येण्यासारखं दुसरं काही कुणाला सुचलंच नाही! सोमवारी प्रेस सुरू झाली. धप्प, धप्प. आणि भिंत मुकी. आई भाकरी थापता थापता थांबली, कान दिल्यासारखं केलं, आणि परत थापायला लागली. ती भांडी पोत्यातून परत कधी भिंतीवर आली नाहीत. पुढे खोली बदलताना मोडीत गेली, मामाच्या हंड्यासकट. मी नोकरीला लागल्यावर आईला म्हणाले होते, "आपण नवी मांडणी करू." ती म्हणाली, "आता कुटं ठेवू? समदीकडं टीव्हीच हायेत."

टेबल माझ्याबरोबर आलं. मारुंजीला हॉलच्या खिडकीखाली आहे, बाण अजून जमिनीकडेच आहे. त्यावर मी हे लिहितेय. परवा मुलाने गोळी आणि पाणी आणून दिलं, माझ्या शेजारी बसला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, "आई, एवढं काय चिडायचं त्यात? टीव्हीच तर आहे."

"तेव्हाही टीव्हीच होता," मी म्हणाले.